मेडिकलमधल्या प्रोबायोटिकने पीकेयू आटोक्यात येतो का?
प्रश्न इंदूरच्या रामबागेतल्या काकूंचा: नातीला पीकेयू आहे (प्रथिनांमधलं फेनिलअलानिन शरीराला तोडता न येण्याचा जन्मजात आजार). जिवाणूंनी तो आटोक्यात येतो असं वाचलं, तर दवा बाजारातल्या प्रोबायोटिकच्या पुड्या चालतील का?

नाही हो काकू. त्या पुड्यांतले जिवाणू साधे, त्यांचा पीकेयूला उपयोग नाही. तुम्ही वाचलंत ते निराळं. १९१७मध्ये आल्फ्रेड निस्ले यांनी हगवणीच्या साथीतही ठणठणीत राहिलेल्या सैनिकाच्या विष्ठेतून ई. कोलाय नावाचा एक जिवाणू वेगळा काढला. सिनलॉजिक कंपनीने त्यात फेनिलअलानिन तोडणाऱ्या एन्झाइमचं जनुक घातलं. कल्पना झकासच! सुरुवातीच्या चाचण्यांत रक्तातलं फेनिलअलानिन उतरलंही. पण २०२४च्या फेब्रुवारीत तिसऱ्या टप्प्याची चाचणी मध्येच गुंडाळली. अपेक्षित परिणाम साधेलसं दिसेना.

तेव्हा डॉक्टरांनी दिलेली खास पावडर चालूच ठेवा. आणि पोह्यांवरची शेव बंद. बेसनात प्रथिनं भरपूर, इंदुरात हे अवघड असलं तरी.