सॉल्टचा तक्ता तोंडपाठ आहे, तरी उत्तर का चुकतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी इंदूरला बारावीत आहे, सॉल्ट ॲनालिसिसचा, म्हणजे पुडीतल्या अनोळखी क्षारातला धन आणि ऋण आयन ओळखण्याचा, सगळा तक्ता तिला पाठ आहे, पण पुडी कुठलीही मिळाली तरी तिला त्यात क्लोराइडच सापडतं. आणि घरी सराव करता येईल का?

"कुठल्याही पुडीत क्लोराइड" हे वाचलं आणि मला हसू आलं. मी इंदूरच्याच होळकर कॉलेजात रसायनशास्त्र शिकलो, पुढे इथल्याच एका शाळेत अकरावी-बारावीची प्रॅक्टिकलं घेतली. हे क्लोराइड माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. बहुतेक वेळा ते पुडीत नसतंच, नळात असतं. मुलं परीक्षानळी सिंकखाली विसळतात आणि तशीच वापरतात. पाणी नर्मदेचं असो की बोअरिंगचं, क्लोराइड दोन्हीत असतं, आणि क्लोराइड ओळखायला घालतात ते सिल्व्हर नायट्रेट इतकं तिखट नजरेचं आहे की तेवढ्यानेही नळी दुधाळते. शेवटचं विसळणं डिस्टिल्ड वॉटरनेच झालं पाहिजे. शंका आली तर दुसऱ्या नळीत नुसतं डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं आणि त्यात तीच रसायनं त्याच क्रमाने घालायची. तिथेही पांढरं आलं, तर पुडीचा काही दोष नाही.

खऱ्या क्लोराइडचा साका (द्रावणातून खाली बसणारा घन पदार्थ) दह्यासारखा गुठळ्यांचा असतो आणि अमोनियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळतो. ब्रोमाइडचा फिकट पिवळा, जेमतेम विरघळतो. आयोडाइडचा पिवळा, तो अजिबात दाद देत नाही. (सिल्व्हर नायट्रेट बोटांना लागलं तर काळे डाग पडतात आणि काही दिवस राहतात. घाबरू नका.)

तक्ता पाठ असूनही उत्तर चुकतं, कारण आधीच्या पायरीला आपणच नळीत काय ओतलं, हे मुलं विसरतात. मग आपणच घातलेलं आपल्याला सापडतं. वरची चाचणी आम्ल घालून करायची ती नायट्रिक आम्लाने, हायड्रोक्लोरिकने नाही, याचं कारण हेच. पण नायट्रिक घातलेल्या नळीत मग नायट्रेट शोधायचं नाही. सोडियम कार्बोनेटचा अर्क (पुडी सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात उकळून गाळलेलं द्रावण) काढला असेल तर त्यात कार्बोनेट शोधणं व्यर्थ, ते मूळ पुडीतच बघायचं. शिवाय तो अर्क आम्ल घालून, बुडबुडे थांबेपर्यंत नीट मारला नाही, तर क्लोराइडसाठी घातलेलं सिल्व्हर आणि सल्फेटसाठी घातलेलं बेरियम, दोघांचेही कार्बोनेट पांढरे खाली बसतात आणि मुलगी "क्लोराइड, सल्फेट, दोन्ही" असं लिहून मोकळी होते.

धन आयन एकामागून एक रसायनं घालून गटागटाने शोधतात, त्या गटांतही असंच आहे. अमोनियमला शून्य गट का म्हणतात, असं तिला विचारून बघा. पुष्कळ मुलं "तक्त्यात तसं आहे" म्हणतात. तिसऱ्या गटासाठी आपण अमोनियम क्लोराइड आणि अमोनियम हायड्रॉक्साइड स्वतःच्या हाताने घालतो. त्यानंतर अमोनियम शोधलं तर ते मिळणारच! म्हणून ते सगळ्यांच्या आधी, मूळ पुडीवर: सोडियम हायड्रॉक्साइड घालून गरम करायचं, अमोनियाचा वास येतो, नेसलर अभिकारकाने तपकिरी साका येतो.

तिसऱ्या गटावर मी जरा जास्त रेंगाळतो, कारण व्हायवात (तोंडी परीक्षेत) परीक्षक इथेच पकडतात. अमोनियम क्लोराइड आधी का? त्यातल्या अमोनियममुळे अमोनियम हायड्रॉक्साइडचं आयनीभवन दबतं, हायड्रॉक्साइड आयन मोजकेच उरतात. फेरिक हायड्रॉक्साइडचा सॉल्युबिलिटी प्रॉडक्ट (हा आकडा जितका लहान, तितक्या कमी आयनांत साका बसतो) 10 च्या उणे 38 व्या घाताच्या आसपास आहे, त्याला तेवढे पुरतात. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा उणे 11 च्या आसपास, त्याला पुरत नाहीत, आणि मॅग्नेशियम सहाव्या गटापर्यंत गुपचूप द्रावणात राहतं. क्रम उलटा केला किंवा क्लोराइडचा हात आखडला, तर ते मध्येच पांढरं होऊन बसतं आणि मुलं ॲल्युमिनियम लिहितात.

लोखंडाची गोष्ट याहून मजेदार. पुडीत फेरिक (तीन धनभारांचं लोखंड; दोन धनभारांचं ते फेरस) असेल तर दुसऱ्या गटात हायड्रोजन सल्फाइड सोडल्यावर ते त्याच वायूचं गंधक करतं. नळी पिवळट-पांढरी गढूळ होते, मुलांना वाटतं दुसरा गट आला. तो गंधक आहे, धातूचा सल्फाइड नव्हे. या भानगडीत फेरिकचं फेरस होऊन बसतं, म्हणून पुढे जाण्याआधी द्रावण उकळून वायू घालवायचा, संहत नायट्रिकचे थेंब टाकून पुन्हा उकळायचं, म्हणजे फेरसचं परत फेरिक होतं आणि तिसऱ्या गटात लालसर तपकिरी उतरतं. ही पायरी मुलं घाईत हमखास गाळतात. हायड्रोजन सल्फाइडचा वास इंदूरच्या मुलीला समजावावा लागत नाही. पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्यात पादेलोण असतं, त्यातला तोच. पण प्रयोगशाळेतला वायू विषारी आहे, खिडक्या उघड्या हव्यात आणि नळीत नाक खुपसायचं नाही.

ज्योत-परीक्षेबद्दल, म्हणजे तारेवर पुडीतला कण घेऊन ज्योतीचा रंग बघण्याबद्दल, एवढंच: स्ट्रॉन्शियम किरमिजी, कॅल्शियम विटकरी, बेरियम पोपटी हिरवा, तांबं निळसर हिरवं. पिवळी ज्योत मात्र जवळपास प्रत्येकाला दिसते, कारण घामाच्या बोटांवरचं सोडियम तारेला लागतं. सीबीएसईच्या यादीत सोडियम आणि पोटॅशियम धन आयन म्हणून नाहीतच, तेव्हा पिवळं दिसलं की तार संहत हायड्रोक्लोरिकमध्ये बुडवून पुन्हा तापवायची, पिवळेपणा जाईपर्यंत.

पुडीवर आम्ल घालून निघालेल्या वायूने चुन्याची निवळी दुधाळली की लगेच कार्बोनेट लिहू नये. सल्फाइटमधून निघणारा सल्फर डायऑक्साइडही तेच करतो, फक्त त्याला जळत्या गंधकाचा उग्र वास असतो आणि आम्ल घातलेल्या डायक्रोमेटचा कागद तो हिरवा करतो.

दोन्ही आयन मिळाले की उत्तर लिहिण्याआधी ते पुडीशी ताडून बघायचं. उत्तर बेरियम सल्फेट आलं आणि पुडी तर पाण्यात सहज विरघळली होती, मग काहीतरी फसलंय. शुभ्र पुडीत निकेल किंवा कोबाल्ट आलं, तरीही तेच. सीबीएसईत सॉल्टला 8 गुण आहेत, ते अशा अर्ध्या मिनिटाच्या विचाराने वाचतात.

आता घरचा सराव. आम्लं आणि शिशाची, बेरियमची संयुगं घरी आणू नका, त्यांची जागा शाळेतच. पण सियागंजात किराण्याच्या दुकानांत नवसागर, तुरटी, धुण्याचा सोडा विचारून बघा. नवसागरात ओला चुना मिसळला की अमोनियाचा झणका येतो. सोड्यावर व्हिनेगर टाकून निघणारा वायू नळीने चुन्याच्या निवळीत सोडा: दुधाळेल, आणि सोडतच राहिलात तर परत निवळेल, कारण कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळतं. तुरटीच्या पाण्यात सोड्याचं पाणी थेंब-थेंब घातलं की जेलीसारखा पांढरा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड दिसतो, तिसऱ्या गटातला तोच. हेच प्रयोग एकदा फिल्टरच्या पाण्याने आणि एकदा बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरने करून बघायला सांगा. भांडी मात्र स्वयंपाकघरातली नकोत, जुन्या काचेच्या बाटल्या घ्या.