सहा खुर्च्यांचं टेबल आणि दहा फुटांचा हॉल

प्रश्न : आमचा हॉल १० बाय १६ फुटांचा आहे. घरात चौघंच, पण पाहुणे येतात म्हणून सहाजणांचं टेबल घ्यायचं म्हणतोय. बसेल का? (कोथरूड, पुणे)

टेबल बसेल हो, माणसं बसतील का ते बघा. सहाजणांचं टेबल साधारण ५ बाय ३ फुटांचं असतं. खुर्ची मागे सरकवून उठायला अडीच फूट लागतात. मागून कुणी आमटीचं पातेलं घेऊन जाणार असेल तर तीन धरा. तीन फुटांचं टेबल आणि दोन्ही बाजूंच्या खुर्च्या, म्हणजे दहातले आठ-नऊ फूट गेलेच. दुकानात हे कळत नाही, कारण तिथं खुर्च्या आत सरकवून ठेवलेल्या असतात.

टेबलाच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद फरशीवर चिकटवा, भोवती घरातल्या खुर्च्या ओढलेल्या स्थितीत ठेवा आणि दोन दिवस तसेच वावरा. रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस कुठं धडपडतो, ते पाहून माप ठरवा. माझं मत विचाराल तर ४ बाय अडीचचं टेबल आणि एका बाजूला बाक. जेवण झालं की बाक टेबलाखाली जातो आणि वाट मोकळी होते. माणशी दोन फूट धरतात, पण बाकावर तीन पोरं सहज मावतात. सणाला पंधराजण आले तर सहाजणांचं टेबलही पुरणार नाही, पंगत खालीच बसेल.

आणि हो, लिफ्टचं माप घ्या. पाय सुटे होणारं टेबल असेल तर निम्मी भांडणं वाचतात.

प्रश्न : पांढऱ्या संगमरवराचा टॉप फार आवडलाय. हळदीचे डाग निघतात का? (ठाणे)

हळदीचं एवढं मनावर घेऊ नका, ती उन्हानं फिकी पडते. खरी भीती लिंबू, चिंच आणि सोलकढीची. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आंबट पडलं की त्याची झिलई खाल्ली जाते. वाटीच्या बुडाएवढं निस्तेज वर्तुळ उरतं. तो डाग नसतोच, त्यामुळे कितीही घासलं तरी जात नाही, पुन्हा पॉलिशच करावं लागतं. रोजच्या जेवणाला ग्रॅनाइट बरा.

प्रश्न : सुताराकडून सागवानी टेबल करून घेतलं. पावसाळ्यानंतर वरच्या फळीला भेग पडली. लाकूड खोटं निघालं का? (रत्नागिरी)

बहुधा नाही. अस्सल लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगतं, कोरड्या दिवसांत आक्रसतं. फळी चौकटीला स्क्रूनं करकचून आवळली असेल तर तिला हलायला जागा राहत नाही, मग ती तडकते. स्क्रूची भोकं आडवी लांबट करून घ्या आणि पॉलिश खालच्या बाजूनंही मारा. खालची बाजू दिसत नाही म्हणून सुतार ती हमखास कोरडी सोडतात.

प्रश्न : सासूबाईंचे गुडघे दुखतात. खुर्ची कशी घ्यावी? (नाशिक)

हातांची. बैठक १८ इंच, टेबल ३० इंच उंच. खुर्चीचे हात टेबलाच्या खालच्या पट्टीला अडत नाहीत ना, ते बघा, नाहीतर ताट लांब राहतं आणि आमटी मांडीवर. दुकानात सासूबाईंनाच घेऊन जा. पाच मिनिटं बसवा, मग कुणाचाही हात न धरता उठायला सांगा.