नव्याने काउंटरवर बसलेल्या मित्राला

सहा महिन्यांतच ‘इथे मन रमत नाही’ म्हणालास, म्हणून लिहितोय. बँकेत माझी 31 वर्षं झाली, त्यातली बरीचशी कॅशवर.

मला काम आवडायला लागलं ते समोरची माणसं ओळखीची झाल्यावर. पेन्शन घ्यायला एक आजी यायच्या. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात, रुमाल कमरेला खोचलेला. ते सगळं उलगडेपर्यंत मी थांबायचो. त्या अंगठा लावायच्या. एकदा म्हटलं, ‘आजी, सही शिकायची का?’ दर महिन्याला रद्दी कागदावर दोन-तीन ओळी गिरवून घ्यायचो. दिवाळीच्या आधी त्यांनी स्लिपवर स्वतःचं नाव लिहिलं, ‘र’ची शेपटी रकान्याबाहेर गेलेली. त्या दिवशी मी घरी जाताना गुणगुणत होतो.

असं एखादं माणूस तूही शोध. मशीन नोटा मोजतं, हे काम त्याला जमत नाही.

कॅश टॅली झाली की मात्र काम तिथेच ठेवून निघ. सुट्टीभर मोबाइल बघून शीण जात नाही, हे मी अनुभवलंय. 2015 पासून दुसरा आणि चौथा शनिवार आपला हक्काचा आहे. त्यातला एक डोंगराला दे. राजगडावर गुंजवण्याकडून चढलास, की चोरदरवाजातून वाकून आत शिरावं लागतं आणि वर येताच समोर पद्मावती तळं दिसतं.

येत्या चौथ्या शनिवारी मी जातोय. पाण्याच्या दोन बाटल्या आणि चांगली पकड असलेले बूट घेऊन ये, भाकरी-ठेचा मी आणतो.