लेकीचा विषय आणि फॉरेन्सिकचा पांढरा कोट

न्यू जर्सीतील एडिसनहून एका भगिनींचे मोठे पत्र आले आहे. त्यातील मुख्य भाग असा: ‘आमची मुलगी इथल्याच सरकारी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. हायस्कूलमध्ये केमिस्ट्रीने तिला रडवले, म्हणून तिने क्रिमिनल जस्टिस, म्हणजे गुन्हे आणि न्यायव्यवस्थेचा अभ्यास, हा विषय घेतला. तेही आम्ही मान्य केले. आता सेमिस्टर संपण्यापूर्वी कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे त्या विषयातली खास शाखा, ठरवायचे आहे, तर ती ज्युव्हेनाइल जस्टिस, म्हणजे अल्पवयीन मुलांची न्यायव्यवस्था, म्हणते. आमचे म्हणणे एवढेच की निदान फॉरेन्सिक, म्हणजे पुराव्यांची शास्त्रीय तपासणी, तरी घे. लॅबमधले काम, पांढरा कोट, गुन्हेगारांचे तोंड पाहायला नको, कोर्टाची पायरी चढायला नको.’ पुढे त्यांनी बंदुकीची भीती, ग्रीन कार्ड, लग्न आणि नाशिकच्या सासूबाईंना काय सांगायचे, असे आणखी चार प्रश्न विचारले आहेत.

भगिनी, तुमची घालमेल मला समजते. आपण सगळे इंजिनिअरिंगच्या किंवा सॉफ्टवेअरच्या वाटेने इथे आलो आणि त्या वाटेवरचा प्रत्येक टप्पा आपल्याला पाठ आहे. या वाटेवर मात्र विचारायला ओळखीचे एकही घर नाही. त्यामुळे विभागाच्या यादीत विज्ञानाचा वास असलेला एकच शब्द दिसला आणि तुम्ही तो घट्ट धरलात. पण तुमचे पत्र तुम्हीच पुन्हा एकदा वाचा. केमिस्ट्रीने रडवले म्हणून जिने हा विषय घेतला, तिला तुम्ही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाठवू पाहता आहात!

मी या सदरात वारंवार सांगत आले आहे आणि वाचक कंटाळले तरी सांगत राहणार आहे की कॉन्सन्ट्रेशनचे नाव वाचू नका, त्याखालची अभ्यासक्रमांची यादी वाचा. क्रिमिनल जस्टिस विभागातील फॉरेन्सिक कॉन्सन्ट्रेशनमध्ये बहुधा घटनास्थळाची ओळख, पुराव्याचा कायदा, तपासाच्या पद्धती असे विषय असतात. ते उपयुक्त आहेत, परंतु प्रयोगशाळा तेवढ्यावर नोकरी देत नाही. तिला रसायनशास्त्राचा किंवा जीवशास्त्राचा पदवीधर हवा असतो. डीएनए तपासणाऱ्या विश्लेषकाने बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स आणि मॉलिक्युलर बायॉलॉजी हे विषय महाविद्यालयात शिकलेले असले पाहिजेत आणि त्यांच्या जोडीला संख्याशास्त्र हवे, असे एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेच्या गुणवत्ता मानकांतच लिहिलेले आहे. तुमच्या मुलीच्या यादीत ऑरगॅनिक केमिस्ट्री नसेल, तर पदवीवर फॉरेन्सिक हा शब्द छापून येईल आणि लॅबचे दार बंदच राहील.

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या मुलाचे नेमके हेच झाले. त्यानेही घरच्यांच्या समाधानासाठी ते नाव घेतले, पदवीनंतर राज्याच्या प्रयोगशाळेकडे अर्ज केला, आणि त्याची गुणपत्रिका पाहून त्यांनी पहिला प्रश्न प्रयोगशाळेतील रसायनशास्त्राच्या तासांचा विचारला. आज तो एका विमा कंपनीत खोट्या दाव्यांचा तपास करतो आणि त्यात रमला आहे. पण तिथवर पोहोचायला त्याला हिशेबशास्त्राचे वर्ग संध्याकाळी बसून नव्याने करावे लागले. जाऊबाई अजूनही भिशीत ‘आमचा फॉरेन्सिकवाला’ असेच म्हणतात, तो भाग वेगळा.

आता कोर्टाच्या पायरीविषयी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये मेलेंडेझ-डियाझ खटल्यात स्पष्ट केले की प्रयोगशाळेचा अहवाल केवळ कागद म्हणून आरोपीविरुद्ध पुढे करता येणार नाही, आरोपीला त्या विश्लेषकाची उलटतपासणी घेण्याचा हक्क आहे. म्हणजे पांढरा कोट घालणारी व्यक्तीही साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहते आणि बचावपक्षाचा वकील तिच्या कामाची चिरफाड करतो. त्याच वर्षी नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या एका संस्थेच्या अहवालाने डीएनए वगळता अनेक फॉरेन्सिक पद्धतींच्या शास्त्रीय आधारावरच प्रश्नचिन्ह उभे केले. मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी प्रयोगशाळेतील एका रसायनतज्ज्ञ बाईंनी अमली पदार्थांच्या चाचण्यांत केलेल्या गैरप्रकारांमुळे २०१७ मध्ये २१,००० हून अधिक प्रकरणे रद्द करावी लागली. तुम्ही ज्याला निर्धोक बैठे काम समजता, त्या कामावर माणसांचे स्वातंत्र्य अवलंबून असते. माझी आतेबहीण मुंबईत कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत नोकरीला होती. ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. होती, आणि समन्स आले की सत्र न्यायालयात साक्षीला जाण्यासाठी तिलाही रात्रीची गाडी पकडावी लागे.

मुलगी जे म्हणते आहे त्याकडे आता जरा पाहू या, कारण तुमच्या लांबलचक पत्रात त्याला एकच ओळ मिळाली आहे. मुलांसाठी वेगळे न्यायालय ही कल्पना अमेरिकेत १८९९ मध्ये शिकागोत प्रत्यक्षात आली. हेतू चांगला होता, पण त्या न्यायालयांत मुलांना साधे कायदेशीर हक्कही नव्हते. ॲरिझोनातील १५ वर्षांच्या जेराल्ड गॉल्टला एका अश्लील फोनच्या आरोपावरून, वकिलाशिवाय, २१ व्या वर्षापर्यंत सुधारगृहात पाठवले गेले. त्याच गुन्ह्यासाठी प्रौढाला जास्तीत जास्त ५० डॉलर दंड किंवा दोन महिन्यांची कैद झाली असती. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि मुलांनाही वकील मिळण्याचा हक्क मान्य केला. हे सगळे वाचून एखाद्या मुलीला त्या क्षेत्रात जावेसे वाटले, तर तिच्या डोक्यात काही खूळ शिरले आहे असे मला वाटत नाही.

मात्र तिलाही चार गोष्टी ऐकवल्या पाहिजेत. न्यायालयाने देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोबेशन अधिकाऱ्याचा पगार तुमच्या यजमानांच्या ऑफिसातील नवख्या मुलाएवढाही नसेल. मुलांबरोबरच्या समुपदेशनाच्या कामासाठी बहुतेक ठिकाणी पुढे समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी लागते. मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र तिने टाळू नये; संशोधनाचे अहवाल वाचता न येणारा पदवीधर या क्षेत्रात मागेच राहतो. अल्पवयीनांची प्रकरणे सहसा बंद दाराआड चालतात, परंतु प्रौढांचे फौजदारी खटले कोणालाही पाहता येतात. येत्या सुट्टीत तिने न्यू ब्रन्सविकच्या मिडलसेक्स कौंटी न्यायालयात दिवसभर बसावे, आणि तुम्हीही डबा घेऊन तिच्याबरोबर जा. माझे वडील साताऱ्याच्या न्यायालयात बेलीफ होते. शाळेच्या सुट्टीत ते मला मागच्या बाकावर बसवून जात, आणि एखाद्या कैद्याच्या आईचा चेहरा पाहून जे समजते ते कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही, हे मी तेव्हापासून जाणते.

बाकीच्या प्रश्नांना थोडक्यात उत्तरे देते. या कॉन्सन्ट्रेशनचा बंदुकीशी संबंध नाही. ग्रीन कार्ड दोन वर्षांपूर्वी मिळाले असेल, तर नागरिकत्वाच्या अर्जाला सर्वसाधारणपणे ते मिळाल्यापासून पाच वर्षे लागतात. एफबीआयचा एजंट होण्यासाठी नागरिकत्व अनिवार्य आहे, पण तिला तिकडे जायचेच नाही, मग आज त्याची चिंता का करता? पुढे वकिलीकडे वळावेसे वाटले, तर लॉ स्कूलला पदवीचा विशिष्ट विषय लागत नाही. लग्नाचा प्रश्न विसाव्या वर्षी मी वाचलाच नाही असे समजा. सासूबाईंना सांगा की नात अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी न्यायालयात काम करणार आहे. त्यांना ते तुमच्याआधी पटेल.

अर्जाची मुदत संपण्यापूर्वी दोन्ही कॉन्सन्ट्रेशनच्या अभ्यासक्रमांच्या याद्या छापून घ्या, विभागाच्या सल्लागारांची वेळ मागा आणि ज्युव्हेनाइल जस्टिसचे मागील वर्षीचे विद्यार्थी इंटर्नशिपला कोठे गेले, हे मुलीला विचारू द्या. त्या भेटीला तुम्ही जाऊ नका.