गुदभ्रंशाच्या ऑपरेशननंतर शौचावरचा ताबा परत येतो का?

तुमच्या आईंना, वय ७१, शौचाला बसल्यावर आतडं बाहेर येतं, म्हणजे गुदभ्रंश आहे, आणि कपड्यातही थोडी शी होते. एक डॉक्टर पोटातून ऑपरेशन करा म्हणतात, दुसरे खालून, म्हणजे गुदद्वाराच्या बाजूने. त्यातलं कोणतं करावं आणि ताबा परत येईल का, असं तुम्ही विचारलंय. माझं हेच ऑपरेशन ६४व्या वर्षी झालं. मी डॉक्टर नाही, पण या दुखण्यातून गेलेली बाई आहे.

आधी ताब्याबद्दल सांगते, कारण मला ऑपरेशनपूर्वी हे कोणी नीट सांगितलं नव्हतं. ऑपरेशन गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, जागेवर नेऊन बसवतं. ताबा त्याच्या मागून येतो, हळूहळू येतो आणि सगळ्यांचा पूर्ण येत नाही. गुदाशय सारखा बाहेर येत राहिला की गुदद्वार मिटून धरणारा स्नायू ताणून सैल पडतो. खाली उतरलेल्या आतड्यामुळे आतल्या स्नायूला सैल होण्याचा इशाराही मिळत राहतो. ही दोन कारणं ऑपरेशनने दूर होतात. पण वर्षानुवर्षं कुंथून त्या स्नायूची नस ताणली गेली असेल किंवा बाळंतपणात स्नायू फाटला असेल, तर ते ऑपरेशनने दुरुस्त होत नाही. म्हणून फार वर्षं थांबू नका. मी सहा वर्षं मूळव्याध समजून मलमं लावत काढली, त्याचं अजून वाईट वाटतं. मूळव्याधीचे कोंब वेगवेगळे दिसतात आणि त्यांच्यामधल्या खाचा उभ्या असतात. गुदभ्रंशात, म्हणजे जुनी माणसं ज्याला आमण बाहेर येणं म्हणतात त्यात, बाहेर आलेल्या भागावर गोल गोल वळ्या दिसतात.

माझं ऑपरेशन पोटातून, दुर्बिणीने झालं. गुदाशयाच्या पुढच्या बाजूला जाळीची पट्टी शिवून तिचं वरचं टोक कण्याच्या खालच्या हाडाला, त्रिकास्थीला, बांधलं. याला व्हेंट्रल मेश रेक्टोपेक्सी म्हणतात. मागची बाजू फारशी सोडवत नाहीत, त्यामुळे तिथल्या नसा वाचतात आणि नंतर बद्धकोष्ठ वाढण्याची भीती कमी असते. जाळीचा त्रास क्वचित होतो, पण होऊ शकतो. तेही विचारून घ्या.

खालून करायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. डेलॉर्ममध्ये बाहेर आलेल्या भागाचं आतलं अस्तर काढून स्नायूला चुण्या घालतात. आल्टमायरमध्ये तो भागच कापून आतडं जोडतात. पोट उघडावं लागत नाही आणि पाठीत इंजेक्शन देऊनही करता येतं, म्हणून हृदय किंवा फुप्फुसं कमजोर असलेल्यांना ते सोसतं. पण आल्टमायरनंतर शी साठवायची जागा कमी होते आणि घाईची लागू शकते. म्हणून काही सर्जन त्याच वेळी ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही शिवून घट्ट करतात. तुमच्या आईंच्या बाबतीत हा प्रश्न नक्की विचारा.

खालून केलं की पुन्हा बाहेर येण्याची शक्यता जास्त, असं साधारणपणे मानतात. मात्र ब्रिटनमध्ये या ऑपरेशनांची तुलना करणाऱ्या प्रॉस्पर चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१३मध्ये आले, पोटातून आणि खालून केलेल्यांत ठाम फरक दिसला नाही. तेव्हा दोन डॉक्टरांचं मत वेगळं पडलं म्हणून त्यांच्यातला एक चुकतोच असं समजू नका. वय ७१ आहे एवढ्यावरून पोटातलं ऑपरेशन नको म्हणायचं कारण नाही. भुलीला प्रकृती साथ देईल का, ते महत्त्वाचं.

माझं म्हणाल तर तिसऱ्या आठवड्यात बाहेर काही येत नव्हतं, पण डाग पडायचे ते पडतच होते. ऑपरेशन फुकट गेलं म्हणून मी रडले. चौथ्या महिन्यात पॅड रोज लागेनासं झालं. वर्षभराने फक्त पातळ शी झाली तरच घाई होते. फायबर आणि भरपूर पाणी घेऊन शी बांधून येईल असं बघायचं आणि अजिबात कुंथायचं नाही, याचा मला खूप उपयोग झाला. फिजिओथेरपिस्टने बायोफीडबॅक, म्हणजे स्नायू किती आवळला ते दाखवणारं यंत्र, लावून स्नायू आवळायचा व्यायाम शिकवला, तो अजून करते. एवढं करूनही ताबा आला नाही, तर नसेला सौम्य विद्युत उत्तेजना देणारं छोटं यंत्र बसवण्याचा उपाय आहे. त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांत निराश होऊ नका.

ऑपरेशनआधी मोठं आतडं दुर्बिणीने आतून बघणारी कोलोनोस्कोपी, स्नायूचा दाब मोजणारी मॅनोमेट्री आणि स्नायूची सोनोग्राफी यांबद्दल विचारा. गर्भाशय किंवा मूत्राशयही खाली उतरलंय का ते तपासून घ्या. बायकांमध्ये हे एकत्र असू शकतं. आणखी एक, तपासणीच्या टेबलावर आडवं झाल्यावर अनेकदा आतडं आत जातं आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही. आईंची तयारी असेल तर शौचाला बसल्यावर बाहेर आलेल्या भागाचा फोटो काढून न्या. माझं निदान शेवटी त्या फोटोनेच झालं.

ऑपरेशनची तारीख येईपर्यंत एवढं मात्र जपा. बाहेर आलेलं आतडं आत जाईना, काळंनिळं पडलं किंवा जोरात दुखू लागलं, तर सकाळची वाट न पाहता आईंना लगेच हॉस्पिटलमध्ये न्या.