पाणी जड आहे म्हणून घाबरायचं का? लक्षद्वीपहून आलेले प्रश्न

प्रश्न : यजमानांच्या बदलीमुळे आम्ही कवरत्ती बेटावर राहायला आलो. घरच्या विहिरीचं पाणी पंपाने टाकीत चढतं आणि तेच नळाला येतं. साबणाला फेस नाही, नळाच्या तोटीवर पांढरे थर, केटलीत तर खवले पडतात, तूरडाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी बोटचेपी राहते. मुतखडा होईल, केस गळतील असं सगळे म्हणतायत. सॉफ्टनर बसवू की आरओ?

उत्तर : ताई, सांगू का, दोन्ही घाईने घेऊ नका. आधी पाणी असं का आहे ते बघा. लक्षद्वीपची बेटं प्रवाळाची, म्हणजे तुमच्या पायाखाली सगळा चुनाच आहे. पावसाचं पाणी त्यातून मुरताना कॅल्शियम विरघळवत खाली जातं, त्यामुळे विहिरीचं पाणी जड लागणारच, त्यात कोणाची चूक नाही. केटलीतल्या खवल्यावर थोडं व्हिनेगर टाकून बघा, लगेच बारीक बुडबुडे येतील, तो तोच चुना. लिंबूसत्व टाकलेलं पाणी अर्धा तास ठेवलंत तरी केटली स्वच्छ होते, नळाच्या तोटीलाही त्याच पाण्यात बुडवलेलं फडकं गुंडाळून ठेवा.

आता तब्येतीचं. आपल्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२ सालचं) हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरलाय, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने तर हार्डनेससाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादाच घातलेली नाही. मुतखड्याची भीती असेल तर पाणी कमी पिणं हे त्याचं जास्त मोठं कारण आहे, आणि तिथल्या दमट उकाड्यात घामाने पाणी खूप जातं, वर मचूळ लागतं म्हणून माणूस दोन घोट कमीच पितो, तेव्हा लक्ष तिकडे द्या. केस राठ होतात हे खरं, शेवटचा तांब्या पावसाच्या पाण्याचा घेतला की बराच फरक पडतो. डाळीलाही साठवलेलं पावसाचं पाणी वापरा, कॅल्शियममुळे डाळीचा गर घट्ट राहतो म्हणून ती शिजत नाही.

सॉफ्टनरला मी नाही म्हणते त्याला कारण आहे. तो कॅल्शियम काढतो आणि त्याजागी सोडियम घालतो, घरात कोणाला बीपी असेल तर ते पिण्याला योग्य नाही, शिवाय तो दर काही दिवसांनी मिठाच्या पाण्याने धुवावा लागतो आणि ते खारं पाणी तुमच्याच अंगणात मुरणार. आरओ क्षार काढतो, पण बरंचसं पाणी वाया घालवून, आणि ते वायाचं पाणी विहिरीतूनच उपसलेलं असतं.

प्रश्न : मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी एकदम खारट होतं, पाऊस पडला की परत बरं होतं. पंप मोठा घेतला तर चांगलं पाणी येईल का?

उत्तर : अजिबात नाही, उलट होईल! कृपया हे शेजाऱ्यांनाही सांगा. बेटाखाली गोडं पाणी समुद्राच्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. नदी-ओढा तिथे नाहीच, जे काही आहे ते पावसाने भरलेलं एवढंच. हिशेब असा की समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी १ मीटर असेल तर खाली साधारण ४० मीटर असायला हवं. प्रत्यक्षात छोट्या बेटावर पाणी मिसळत राहतं म्हणून थर बराच पातळ असतो, पण प्रमाण लक्षात घ्या. मोठ्या पंपाने जोरात उपसा केला आणि विहिरीतली पातळी थोडी जरी खाली गेली तरी खालचं खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढून येतं आणि एकदा चढलं की उतरायला पुढचा पावसाळा लागतो. म्हणून छोटा पंप, थोडा थोडा वेळ, मध्ये विश्रांती. टाकी एका दमात भरायचा हट्ट सोडा.

उकळून खारटपणा जात नाही, पाणी आटतं आणि क्षार तेवढेच राहतात. तुरटी फिरवूनही जात नाही, तिने फक्त गाळ बसतो.

प्रश्न : पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घेतला. विहिरीचं ६५० दाखवतो, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या इथल्या प्लँटच्या पाण्याचं खूपच कमी. मग प्लँटच्या पाण्यात जीवनसत्त्व, खनिजं काही उरतच नसतील ना?

उत्तर : जीवनसत्त्वं पाण्यात नसतातच, आणि खनिजं आपल्याला मुख्यतः दूध, भाजी, मासे, धान्य यातून मिळतात, त्यामुळे प्लँटचं पाणी बिनधास्त प्या. कवरत्तीचा प्लँट २००५ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने उभारला, दिवसाला १ लाख लिटरचा, नंतर मिनिकॉय आणि अगत्तीलाही २०११ मध्ये झाले. वरचं कोमट समुद्राचं पाणी कमी दाबाखाली आणतात, त्याची वाफ होते, आणि साडेतीनशे मीटरहून जास्त खोलीवरून ओढलेल्या गार पाण्याने ती वाफ परत पाणी बनवतात. मीठ मागे राहतं. आरओसारखं मेम्ब्रेन, म्हणजे गाळणारा पडदा, नाही. हे पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला ठेवा, धुणीभांडी-आंघोळ विहिरीवर.

पण टीडीएस मीटरवर फार विसंबू नका. तो विरघळलेले क्षार किती ते सांगतो, जंतू सांगत नाही. ६५० चा आकडा पाहून घाबरणारा माणूस ८० चा आकडा पाहून निर्धास्त होतो आणि त्या ८० च्या पाण्यात शौचखड्ड्यातला जंतू असू शकतो! प्रवाळी वाळू फार झिरपती असते, जमिनीतलं पाणीही वरच, त्यामुळे शोषखड्डा आणि विहीर जवळजवळ असतील तर जुलाब, कावीळ यांची भीती खरी. मला विचाराल तर सगळ्या बेटांवर पहिला खर्च हा धोका टाळण्यावर व्हायला हवा. पाण्यात शौचातले जंतू आहेत का ते दाखवणाऱ्या एच टू एस टेस्टची छोटी बाटली मिळते, तीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायची, काळं झालं की पाणी दूषित समजायचं. आरोग्य केंद्रात किंवा पाणीपुरवठा खात्यात विचारा. काळं आलं तर पिण्याचं पाणी उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळत ठेवा, आणि पुढच्या पावसाआधी छपरावरची पन्हाळ स्वच्छ करून टाकी जोडा, पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, टाकीच्या तोंडाला डास जाणार नाही अशी बारीक जाळी लावा.