लांबच्या प्रवासातून आलेल्या म्हशींना पाणी कसे द्यावे?

प्रश्न : गेल्या महिन्यात आम्ही हरियाणातील रोहतक भागातून चार मुऱ्हा म्हशी ट्रकने आणल्या. वाटेत दोन दिवस आणि तीन रात्री गेल्या, पण पाणी दोनदाच पाजता आले. उतरल्यावर दोघी हौदावर तुटून पडल्या, तर एक म्हैस दिवसभर पाण्याकडे फिरकलीच नाही. जाणती माणसे म्हणतात, आल्या आल्या पाणी देऊ नये. कोणी गूळपाणी पाजायला सांगतात. पुढच्या खेपेला काय करावे? (एक दूध उत्पादक, ता. वाळवा, जि. सांगली)

उत्तर : आल्या आल्या पाणी देऊ नये, या सांगण्यात थोडे तथ्य आहे. फार काळ तहानलेले जनावर एका दमात पोटभर पाणी प्यायले, तर रक्त एकदम पातळ होऊन तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी लाल होते; क्वचित मेंदूला सूज येऊन झटकेही येतात. हा धोका वासरांत अधिक आणि मोठ्या म्हशीत कमी असतो. त्यावर उपाय मात्र पाणी रोखणे हा नसून ते टप्प्याटप्प्याने देणे हा आहे. उतरवल्यावर अर्धा तास सावलीत उभे करावे, मग प्रत्येकीला बादलीने सुमारे 10 लिटर पाणी द्यावे, वीस मिनिटांनी पुन्हा तेवढेच द्यावे आणि दोन-तीन तासांनंतर हौद मोकळा करावा. म्हशीला घाम फार कमी येतो, त्यामुळे उन्हाळ्यात अंगावरही पाणी मारावे.

लांबच्या प्रवासात जनावराचे वजन साधारण 5 ते 10 टक्क्यांनी घटते. त्यात शेण-लघवीवाटे रिकामे झालेले पोट असते आणि शरीरातून गेलेले पाणीही असते. पाणी किती गेले, हे डोळ्यांवरून कळते. म्हशीची कातडी जाड असल्याने मानेवर चिमटा घेऊन केलेली परीक्षा फसवी ठरू शकते. परंतु डोळा खोबणीत आत गेलेला असेल आणि खालची पापणी व डोळ्याचा गोळा यांमध्ये फट दिसत असेल, तर तूट गंभीर समजावी. अशा म्हशीला केवळ बादलीवर सोडून न देता डॉक्टरांकडून नळीने कोठीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा पहिला, सर्वांत मोठा कप्पा) क्षारयुक्त पाणी सोडून घ्यावे. जीभ ओढून बाटलीने किंवा बांबूच्या नळकांड्याने पाजण्याचा हट्ट मुळीच करू नये, कारण पाणी फुफ्फुसात गेले तर होणारा न्यूमोनिया तहानेपेक्षा महागात पडतो.

बाकीच्यांसाठी 20 लिटर पाण्यात 100 ग्रॅम मीठ विरघळवून एका बादलीत ठेवावे, मात्र शेजारी साधे पाणी असलेच पाहिजे. गूळपाण्यावर आमचा फारसा विश्वास नाही. मोठ्या रवंथ करणाऱ्या जनावरात गुळाची साखर रक्तात पोहोचण्याआधीच कोठीपोटात आंबते. चवीपुरता मूठभर गूळ चालेल, ढेप नको.

जी म्हैस फिरकलीच नाही, तिला बहुधा आपला हौद ओळखीचा नसावा. अमेरिकेतील फीडलॉटमध्ये, म्हणजे मांसासाठीची जनावरे खुराक देऊन पोसण्याच्या मोठ्या वाड्यांमध्ये, हीच अडचण येते. नवी जनावरे कुंपणाच्या कडेकडेने फिरतात, म्हणून तेथे पाण्याची कुंडी कुंपणालगत ठेवतात आणि नळ थोडा वाहता सोडतात, म्हणजे आवाजाने ती वळतात. आपणही पहिले दोन दिवस तिच्या दावणीपुढे रुंद घमेले ठेवावे आणि हौदातले शेवाळ घासून काढावे.

पाण्यासोबत सुका कडबा द्यावा. प्रवासातल्या उपासाने कोठीपोटातील जिवाणू कमी झालेले असतात, आणि त्याच संध्याकाळी दूध वाढावे म्हणून पेंड-भरड्याचे घमेले पुढे केले, तर आम्लता होऊन म्हैस आणखी पाणी गमावते. खुराक थोड्यापासून सुरू करून दहा ते चौदा दिवसांत पूर्ण प्रमाणावर न्यावा.

नव्या म्हशी तीन आठवडे वेगळ्या बांधाव्यात. प्रवासाच्या ताणानंतर घटसर्प (तीव्र ताप येऊन गळा सुजणारा जनावरांचा जिवाणूजन्य रोग) उचल खातो, म्हणून त्याची लस खरेदीच्या ठिकाणीच, निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे टोचून घ्यावी. पहिले आठ दिवस रोज सकाळी ताप मोजावा आणि पारा 103 अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावे.